काळभैरवाची पगडी आणि फौजेचा पगार

उज्जैनला जाणारी आपली मराठी मंडळी महाकाल, हरसिद्धी, सांदीपनींचा आश्रम असे सगळे आटोपून शेवटी भैरवगढला जातात. क्षिप्रेच्या काठची ही जुनी वस्ती तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक, तिथली ठशांची आणि बाटिकची कापडछपाई. दुसरी, तिथला मोठा तुरुंग. आणि तिसरी अर्थातच काळभैरवाचे देऊळ. देवाला मद्याचा नैवेद्य कसा दाखवतात हे पाहायला लोक जातात आणि घरी परतल्यावर तेवढेच सांगतात. पण मराठी माणसाने तरी आणखी एका गोष्टीकडे नीट पाहायला हवे. ती म्हणजे काळभैरवाच्या मस्तकावरची पगडी.

परंपरा अशी सांगते, की पानिपतानंतरच्या पडत्या काळात महादजी शिंद्यांनी या देवाला आपली पगडी वाहिली, यश मागितले आणि यश आल्यावर देवळाचा जीर्णोद्धार केला. शिंदे घराण्याकडून देवाला पगडी येण्याची प्रथा तेव्हापासूनची, असे मानतात. १७६१ साली पानिपतावर महादजी पायाने कायमचे अधू झाले होते. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले आणि महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानले. त्या पराभवातून उठून दहाच वर्षांत मराठी फौज पुन्हा दिल्लीत पोहोचली. पगडीमागची हकीकत एवढी मोठी आहे.

नवसाचा भाग श्रद्धेचा. आज आपण हिशेबाचा भाग पाहू. पगडी वाहून फौज उभी राहत नाही. शिपायाला पगार लागतो, घोड्याला दाणा लागतो, तोफेला दारूगोळा लागतो. हा पैसा महादजींनी कुठून आणला? आणि त्यांच्या काळापासून आपल्या काळापर्यंत संरक्षणाचा खर्च कसकसा चढला-उतरला?

हा प्रश्न आताच का, असे कोणी विचारील. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो आणि ‘संरक्षणासाठी विक्रमी तरतूद’ असा मथळा आपण वाचतो. वाचकहो, रुपयांत मोजले तर जवळजवळ प्रत्येक वर्ष विक्रमीच असते. आपल्या घरचे दुधाचे बिलही दरवर्षी विक्रमी असते, म्हणून आपण जास्त दूध पितो असे होत नाही! खर्च किती झाला, हा प्रश्न मग अर्धाच ठरतो. तो कुठल्या पैशातून झाला आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागला, हा उरलेला अर्धा. उज्जैनच्या इतिहासाने हा दुसरा अर्धा भाग फार महागात शिकवला आहे.

महादजींच्या आधीची मराठी फौज मोसमी होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहीम निघे आणि पावसाळ्याच्या आत परते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला सरकारी घोडा मिळे. सरदाराला सरंजाम म्हणून मुलूख दिलेला असे आणि त्याच्या उत्पन्नातून त्याने ठरलेली पथके बाळगायची. उरलेला खर्च चौथाईतून, खंडणीतून आणि तेही पुरले नाही तर सावकाराच्या कर्जातून भागे. ऋण काढून सण करू नये, असे आपण म्हणतो. आपल्या पूर्वजांनी ऋण काढून रण केले! थोरल्या बाजीरावांची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे वाचली, की रणांगणावर न हरलेला हा पुरुष देणेकऱ्यांच्या तगाद्याने किती गांजला होता, ते कळते.

महादजींनी ही पद्धत बदलली. १७८४ साली त्यांनी सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या डी बॉईन नावाच्या सेनानीला नोकरीत घेतले आणि कवायती पायदळाच्या दोन पलटणी उभारायला सांगितल्या. सुरुवातीचा करार जुन्या चरित्रकारांनी नोंदवला आहे. डी बॉईनला स्वतःला महिना एक हजार रुपये आणि दर शिपायामागे आठ रुपये. त्या आठांतले साडेपाच शिपायाच्या हातात पडत, बाकीच्यांतून अधिकाऱ्यांचे पगार भागत. पुढे या दोन पलटणींच्या तीन ब्रिगेड झाल्या आणि पायदळाचा आकडा वीस हजारांच्या वर गेला. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर त्यांच्यासाठी तोफा ओतू लागला.

या कवायती फौजेच्या तळाला ‘कंपू’ म्हणत. पोर्तुगीज भाषेतून आलेला हा शब्द आज आपण चारचौघांच्या टोळक्यासाठी वापरतो. पण अठराव्या शतकात कंपू म्हणजे एक नवी अर्थव्यवस्था होती. हे शिपाई पावसाळ्यात शेतीला घरी जात नव्हते. बारा महिने कवायत, बारा महिने छावणी आणि म्हणून बारा महिने पगार. एरवी मोसमी असलेला लष्कराचा खर्च कायमचा झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर तो दरमहा हप्त्याचा झाला.

हप्ता चुकला की काय होते, ते महादजींना लवकरच कळले. १७८४ च्या अखेरीस ते दिल्लीच्या बादशहाचे सर्वाधिकारी बनले. मान मोठा, पण खजिना रिकामा. बादशहाच्या खासगी खर्चासाठीच दरमहा ६५ हजार रुपये देण्याचे त्यांच्या गळ्यात पडले. शिपायांचे पगार थकले. जुलै १७८७ मध्ये राजपुतान्यात लालसोटजवळ लढाई उभी राहिली, तेव्हा महादजींच्या बाजूला असलेल्या पूर्वीच्या बादशाही पलटणी थकलेल्या पगारापायी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. तलवारीने जे झाले नसते ते थकबाकीने केले. मराठी वाचकाला याचा आधीचा दाखलाही ठाऊक आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर गारदी चालून गेले, ते थकलेल्या पगाराची ओरड करीतच.

लालसोटनंतर महादजींनी उपाय शोधला. कंपूच्या खर्चासाठी त्यांनी गंगा-यमुनेच्या दुआबात, आजच्या अलीगढच्या परिसरातला मुलूख डी बॉईनकडे लावून दिला. त्याचा वसूल त्यानेच करायचा आणि त्यातूनच पगार द्यायचा. उत्पन्न सुरुवातीला वर्षाला सोळा लाखांच्या घरात होते, पुढे ते तीस लाखांपर्यंत गेले असे सांगतात. उपाय लागू पडला. पगार वेळच्या वेळी मिळू लागला. १७९० साली पाटण आणि मेडता इथल्या लढायांत याच पायदळाने राजपुतांचे नामांकित घोडदळ मोडून काढले. वेळेवर मिळणारा साडेपाच रुपयांचा पगार किती मोठे काम करतो, हे साऱ्या हिंदुस्थानाने पाहिले.

पण या उपायातच पुढचा अपाय लपलेला होता. वसूल करणारा सेनापती, पगार देणारा सेनापती आणि हिशेब ठेवणाराही सेनापतीच. शिपाई शिंद्यांचे म्हणवत, पण त्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे मोजणारा हात दुसऱ्याचा होता. घराच्या तिजोरीची किल्ली कारभाऱ्याच्या कमरेला लावून मालकाने निश्चिंत झोपावे, तसे झाले. महादजी होते तोवर त्यांचा धाक होता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला ते वारले. पुढे डी बॉईन आजारपणामुळे मोठी संपत्ती घेऊन युरोपला परतला आणि किल्ली पेराँ या फ्रेंच सेनानीकडे गेली.

गादीवर आलेले दौलतराव शिंदे कोवळ्या वयाचे होते. कंपू वाढलेला, खर्च वाढलेला आणि उत्पन्नाचा चांगला भाग दुसऱ्याच्या हाती. मग पैसा कुठून आणायचा? १७९८ साली दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या सावकारांना आणि कारभाऱ्यांना पकडून, छळून पैसा काढला. शत्रूच्या मुलखातून जी वसुली व्हायची ती आता आपल्याच राजधानीतून होऊ लागली. तीन वर्षांनी पाळी उज्जैनची आली. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडवला आणि शहराकडून जबर पैसा वसूल केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात घाटग्यांनी होळकरांचे इंदूर लुटून उट्टे काढले. दोन्ही फौजा मराठी, दोन्ही शहरे माळव्यातली आणि दोन्हीकडे फौजेचे देणे फेडले ते बाजारपेठेतल्या माणसांनी. क्षिप्रेकाठच्या व्यापाऱ्याला किंवा कारागिराला कोणी विचारले नव्हते, की तुला हे युद्ध हवे आहे का?

१८०३ साली इंग्रजांनी अलीगढचा किल्ला घेतला. पेराँ त्यांच्या आश्रयाला गेला आणि कंपूतले बरेच युरोपियन अधिकारीही निघून गेले. फौज ज्या मुलखाच्या उत्पन्नावर उभी होती तो दुआबचा मुलूख ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात गेला. मुलूख गेला, त्याबरोबर फौजही गेली. १८१० साली दौलतरावांनी आपला तळ ग्वाल्हेरला हलवला. त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. उज्जैनचे राजधानीपण संपले. ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतरावांच्या छावणीत होता. पगार थकलेले शिपाई मालकाच्या तंबूपुढे धरणे धरून कसे बसत, याचे वर्णन त्याने आपल्या पत्रांत केले आहे. धरणे हा शब्द आज आपण मोर्चाबरोबर वापरतो. लष्करी छावणीत तो थकबाकी वसूल करण्याचा मार्ग होता.

यानंतरचा अध्याय तर आणखी विचित्र आहे. डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पन्नियार इथे ग्वाल्हेरची फौज इंग्रजांकडून हरली. जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांची स्वतःची फौज मर्यादित केली गेली आणि ‘ग्वाल्हेर कंटिन्जंट’ ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज वाढवण्यात आली. तिच्या खर्चासाठी संस्थानाने मुलूख तोडून दिला. म्हणजे पैसा शिंद्यांचा, हुकूम इंग्रजांचा. जून १८५७ मध्ये याच कंटिन्जंटने बंड केले आणि नंतर ती तात्या टोप्यांना जाऊन मिळाली. म्हणजे ती ना पैसे देणाऱ्याची राहिली, ना हुकूम देणाऱ्याची.

हीच गोष्ट पुढे साऱ्या देशाच्या पातळीवर घडली. इंग्रजी अमलात हिंदुस्थान सरकारच्या खर्चात लष्कराचा वाटा सर्वांत मोठा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याच्या घरात होता. ही फौज देशाच्या रक्षणापुरती नव्हती. १८७८ ते १८८० चे अफगाण युद्ध साम्राज्याचे होते, पण ब्रिटनने त्याचा लहानसाच हिस्सा उचलला, बाकीचा हिंदी रयतेवर पडला. या हिशेबाला जाब विचारणारा पहिल्या फळीचा माणूस आपला होता. तो सरदार नव्हता, मास्तर होता. फर्ग्युसन महाविद्यालयातले गोपाळ कृष्ण गोखले! त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चाले. तेच अंकगणित त्यांनी साम्राज्यापुढे मांडले.

१८९५ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते. १८९७ मध्ये लंडनला जाऊन गोखल्यांनी त्यापुढे साक्ष दिली. पुढे २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. फौज नको, असे गोखले म्हणत नव्हते. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगता येईल. गरिबाच्या मिठावर जबर कर ठेवून सरकारने शिल्लक दाखवू नये. साम्राज्याच्या मोहिमांचा खर्च साम्राज्याने सोसावा. आणि ज्या फौजेचा भार हिंदी माणूस उचलतो तिच्या वरच्या जागा त्याला बंद असू नयेत. १९०३ साली मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोनावर आला, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर. या चळवळीत गोखल्यांच्या आकडेमोडीचा वाटा मोठा होता.

मात्र त्यांच्या सभागृहाला खर्चावर मत देण्याचा अधिकार नव्हता. बोलायचे आणि खाली बसायचे. १९१९ च्या सुधारणांनंतरही लष्करी खर्च मतदानाबाहेरच ठेवला गेला. सर्वांत मोठा खर्च आणि त्यावर सर्वांत कमी अधिकार, अशी ती तऱ्हा होती.

दुसऱ्या महायुद्धात याचा कळस झाला. हिंदुस्थानातून साम्राज्यासाठी झालेला जादा लष्करी खर्च ब्रिटनने नंतर द्यायचा, असा करार झाला. तोवर इथे नोटा छापून माल आणि माणसे पुरवली गेली. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन आपले सुमारे १,३०० दशलक्ष पौंड देणे लागत होता. कागदावर आपण सावकार झालो, पण इथल्या घराघरांत महागाईने कंबर मोडली होती आणि १९४३ साली बंगालने भयानक दुष्काळ पाहिला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये त्या पदावर आले. हे देणे वसूल करण्याच्या वाटाघाटींत त्यांचा मोठा भाग होता. युद्धाचा पैसा करातून आला नाही तर तो किराणा दुकानातून येतो, हा धडा त्या पिढीने घेतला.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. आता खर्च संसदेपुढे येऊ लागला. पहिल्या दशकात संरक्षणाचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता. धरणे, पोलाद कारखाने, शाळा यांना आधी पैसा, असे धोरण होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले आणि एका हिवाळ्यात हे धोरण उलटले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा घरोघरी बोलले गेले. १९६१-६२ मध्ये सुमारे तीनशे कोटी असलेला खर्च १९६३-६४ मध्ये आठशे कोटींच्या वर गेला. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याची योजना आखली गेली. राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा चार टक्क्यांच्या जवळ पोहोचला.

आपल्या आया-आज्यांना ही वाढ आकड्यांतून कळली नाही, दागिन्यांतून कळली. कित्येक घरांतल्या बायकांनी बांगड्या, मंगळसूत्रातल्या वाट्यासुद्धा राष्ट्रीय संरक्षण निधीला दिल्या. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचे सोनार बेकार झाले. त्या वर्षाच्या अर्थसंकल्पात कर वाढले, सक्तीची बचत आली. पाठोपाठ १९६५ चे युद्ध, दोन दुष्काळ, १९६६ मधले रुपयाचे अवमूल्यन आणि पंचवार्षिक योजनेला तीन वर्षांची सुट्टी. पण एक मोठा फरक लक्षात घ्या. या वेळी लोकांना कारण ठाऊक होते, खर्च संसदेत मांडला गेला होता आणि जाब विचारायला सभागृह होते. १८०१ च्या उज्जैनमध्ये यातले काहीच नव्हते.

पुढचा आलेख थोडक्यात पाहू. १९७० च्या दशकात वाटा तीन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहिला. १९८० च्या दशकात मोठ्या शस्त्रखरेदीने तो पुन्हा चढला आणि १९८७ च्या सुमारास चार टक्क्यांच्या थोडा वर गेला. स्वतंत्र भारताचे हे शिखर. १९९१ च्या आर्थिक संकटाने हात आखडले आणि वाटा तीन टक्क्यांच्या खाली आला. १९९९ च्या कारगिल युद्धाने थोडी उसळी दिली, पण उतार थांबला नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. आकडा डोळे विस्फारणारा, पण देशाच्या अपेक्षित उत्पन्नाच्या शंभर रुपयांत तो एक रुपया नव्वद पैशांच्या आसपास भरतो. केंद्र सरकारच्या एकूण खर्चात मात्र तोच आकडा शंभरात साडेतेरा रुपये होतो. स्टॉकहोमची ‘सिप्री’ ही संस्था निमलष्करी दलांचा खर्चही धरते, म्हणून तिचा आकडा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येतो. ज्याला खर्च मोठा दाखवायचा तो रुपये सांगतो, ज्याला लहान दाखवायचा तो टक्के सांगतो. दोघेही खोटे बोलत नसतात!

जगाकडे पाहिले तर वारे उलट्या दिशेने वाहते आहे. सिप्रीच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर झाला, एका वर्षात नऊ टक्क्यांहून अधिक वाढ. अमेरिका, चीन, रशिया आणि जर्मनी यांच्यामागोमाग भारत ८६ अब्ज डॉलरसह पाचवा. जून २०२५ मध्ये ‘नाटो’ देशांनी २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे लक्ष्य स्वीकारले. आपल्याकडेही तीन टक्के हवेत, अशी मागणी वारंवार होते. शेजार पाहता ती अगदीच अवास्तव म्हणता येणार नाही. पण हा पैसा करातून येणार, कर्जातून की दुसरे काही कापून, हे मागणीबरोबर सांगितले पाहिजे.

आता या रुपयाच्या आत डोकावू. २०२५-२६ च्या तरतुदीतल्या शंभर पैशांपैकी सुमारे २६ पैसे नवी शस्त्रे आणि साधने यांच्या भांडवली खर्चासाठी होते. सुमारे २४ पैसे निवृत्तांच्या पेन्शनसाठी. उरलेल्यातला बहुतेक भाग पगार, शिधा, इंधन आणि देखभाल यांचा. म्हणजे नवी शस्त्रे आणि जुन्या सैनिकांचे पेन्शन त्या वर्षी जवळजवळ बरोबरीला आले होते. लष्करी पेन्शनधारकांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे. २०१५ साली ‘समान पद, समान पेन्शन’ लागू झाल्यावर हा भाग आणखी वाढला. त्यावरचा एक उपाय म्हणून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान कायम आणि बाकीच्यांना साडेअकरा लाखांहून थोडी अधिक ‘सेवानिधी’ रक्कम, पण पेन्शन नाही.

हा विषय आपल्या भागात कागदी नाही. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी, साताऱ्याकडचे अपशिंगे मिलिटरी ही नावे आपल्या घरांतल्या बोलण्यातली आहेत. आमच्या महाविद्यालयातली कितीतरी मुले पहाटे भरतीसाठी धावतात आणि मग पहिल्या तासाला डोळे चोळत बसतात. त्यांच्या घरी सुभेदार आजोबांच्या पेन्शनवर घर बांधलेले असते, बहिणीचे लग्न झालेले असते. पेन्शनचा भार सरकारने कमी केला, म्हणजे तो नाहीसा झाला असे नाही. त्याचा काही भाग त्या घराकडे आला. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी परत आलेल्या मुलाला दुसरा धंदा शोधून देण्याचे काम आता आई-बापांचे आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी. पेन्शन वाढत गेले आणि शस्त्रांना पैसा उरला नाही, तर सीमेवरच्या त्याच मुलाच्या हातात जुनी बंदूक राहते. दोन्ही देणी खरी आहेत. म्हणूनच त्यांचा हिशेब उघड्यावर, दोन्ही बाजू मांडून व्हायला हवा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर पेन्शन हा उधळपट्टीचा खर्च नव्हे. तरुणपणी कमी पगारात, जोखमीत केलेल्या कामाचा तो मागे ठेवलेला पगार आहे. मागे ठेवलेला पगार बुडवण्याचे परिणाम आपण लालसोटला पाहिले. पुढच्या पिढीशी करार बदलायचा असेल तर बदलावा, पण आधी भरपूर चर्चा करून आणि चार वर्षांनंतरच्या वाटा पक्क्या बांधून. अनेक वर्षी संरक्षणाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात. गोखल्यांना मत नव्हते, फक्त बोलता येत होते. आपल्या खासदारांना मत आहे, तर ते बोलत नाहीत! महालेखापालांचे अहवाल येतात, संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी या खर्चाची छाननी करते. हे सगळे कागद सामान्य माणसाला वाचता येतात. गरज आहे ती वाचण्याची आणि विचारण्याची.

तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत ‘विक्रमी तरतूद’ हा मथळा वाचाल तेव्हा एवढे करा. आकड्याखालच्या ओळी वाचा. राष्ट्रीय उत्पन्नात वाटा किती, पेन्शनला किती, नव्या साधनांना किती आणि मागच्या वर्षी दिलेले किती खर्चच झाले नाहीत, हे पाहा. घरात कोणी भरतीची तयारी करीत असेल तर त्यालाही हे आकडे वाचायला लावा, त्याच्या करारातल्या अटींसकट. आणि निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: या खर्चावर तुम्ही सभागृहात शेवटचे केव्हा बोललात?